पाठीवर काय लिहिलं होतं, सोपान

सोपान, काल तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला.

इतका लगेच, की गुरुजींचं बोलणंही पुरं झालं नव्हतं. पिंड ठेवून माणसं मागे सरली न सरली तोच पलीकडच्या बाभळीवरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पुढे आला आणि त्याने सरळ भाताला चोच लावली. प्रवरेच्या पात्रात सध्या डबक्याएवढं पाणी आहे, हे तुला माहीत आहेच. त्या डबक्याशी हात धुता धुता तुझा जामखेडचा मामा म्हणाला, "सुटला गडी. काई मागं ठिवलं न्हाई." त्यावर कुणीतरी पुटपुटलं, "दुस्काळात कावळं बी उपाशी हायेत, बाबा." दोघंतिघं हसली. तूही हसला असतास.

मला हसू आलं नाही. माझ्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता. कावळा अडणार अशी माझी खात्री होती. माणसाचं काही राहून गेलं असलं की तो नुसता वर घिरट्या घालतो, मग घरचे एकेक करून पुढे होतात, लेकरांचं बघू, म्हातारीला अंतर देणार नाही, असा शब्द देतात. मला वाटलं होतं, सगळ्यांचे शब्द देऊन होतील, तरी कावळा शिवणार नाही, आणि मग मला उठावं लागेल. त्या कागदावर तुझ्या त्या विलायती तबकडीच्या कव्हराच्या पाठीवरचा मजकूर मी मराठीत उतरवलेला होता. दोन वर्षांपूर्वी तू मला तो वाचून सांगायला सांगितला होतास, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो होतो. चार माणसांत उभं राहून ते कबूल करायचं, असं मी मनाशी ठरवून आलो होतो. पण तू थांबलाच नाहीस.

म्हणून आता हे लिहितो आहे. वाचता तुला येत नव्हतं. मीच कितीदा म्हटलं, रोज अर्धा तास बस, शिकवतो. तू म्हणायचास, "मला कानानं भागतंय, मास्तर." तर कानाने ऐक.

आपली ओळख भांडणातून झाली. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मी शिक्षकांतर्फे नाट्यपद म्हणायला उभा राहिलो, आणि मी तान घेणार तेवढ्यात तुझ्या लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून असा काही 'कुईंऽऽ' आवाज निघाला की पहिल्या रांगेतले पाहुणे कानावर हात ठेवून वाकले. मी स्टेजवरूनच तुझा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी तू माफी मागायला घरी आलास. म्हणालास, "माईक कर्न्याच्या तोंडाला आला की मशीन वरडतं, मास्तर. माजी चूक." मी खूश होऊन चहा सांगितला. चहा पिऊन उठताना म्हणालास, "पर तुमचा वरचा सूर त्याच्या आदीच खाली घसरल्ता." मी तुला घराबाहेर काढायला हवं होतं. त्याऐवजी संध्याकाळी तुझ्या दुकानात जाऊन बसलो, कारण तो सूर खरंच घसरला होता आणि ते गावात तुझ्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं.

एसटी स्टँडसमोरची ती तुझी पत्र्याची खोली. एका भिंतीला चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, दुसऱ्या भिंतीला कर्णे, मधे तबकड्या वाजवायचा फोनो आणि सिनेमाच्या तबकड्यांच्या पेट्या. शाळा सुटली की तुझ्या तिथल्या स्टुलावर मी बसायचो, हे बायकोला कधी पटलं नाही. इंग्रजीचा मास्तर, भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस, आणि बसतो कुठं तर लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात. पण मला सबंध गावात गाण्याबद्दल भांडता येईल असा दुसरा माणूस नव्हता. मुख्याध्यापकांना रागदारी कळे, पण ते कधी उलट बोलत नसत.

तो गोरा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. खांद्यापर्यंत केस, गळ्यात मण्यांची माळ, त्याची मोडकी गाडी मनमाड रस्त्यावर बंद पडलेली. बॅटरी डोक्यावर घेऊन तो तुझ्या दारात उभा राहिला. तू ती दिवसभर चार्जिंगला लावलीस आणि त्याला घरची, कौसल्यावहिनींच्या हातची भाकरी आणि ठेचा दिलास. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, तरी त्याने ताट पुसून खाल्लं. मी दुभाषा. त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं, पण तुम्हाला ते सांगणार कोण? जाताना त्याने गाडीतून ती मोठी तबकडी काढून तुझ्या हातात ठेवली, हात जोडले आणि गेला.

त्या कव्हराभोवती सगळे गोळा झालो. जांभळा, शेंदरी, पोपटी असे रंग एकमेकांत ओघळलेले, मधे एक मोठा डोळा आणि त्या डोळ्यात चार माणसं. वर इंग्रजी अक्षरं, पण ती वितळून एकमेकांत गुंतलेली. सगळे माझ्याकडे बघू लागले. आता इतकी वर्षं इंग्रजी शिकवतो, त्यामुळे "वाचता येत नाही" म्हणणं मला शक्यच नव्हतं. मी काहीतरी ठोकून दिलं. कौसल्यावहिनी डोकावून म्हणाल्या, "ही काय अक्षरं हायेत व्हय? ह्या तर जिलेब्या हायेत." आणि त्या तबकडीचं नाव जिलेबी पडलं. तिचं खरं नाव मला नंतर कळलं, पण इथे लिहीत नाही. आपल्या दोघांत ती जिलेबीच होती.

पहिल्यांदा तू ती लावलीस तेव्हा समोरच्या गणपतच्या हॉटेलातली माणसं चहा टाकून बाहेर आली. तुझ्या फोनोचा वेगाचा खटका कधीचा मोडलेला होता. तो एकाच वेगाने फिरायचा, लहान सिनेमाच्या तबकड्यांना लागतो त्या. ही मोठी तबकडी सावकाश फिरायची असते, हे तुलाही तेव्हा उमगलं नाही आणि मलाही नाही. त्यामुळे आत गाणारा माणूस चिमणीच्या आवाजात किंचाळायला लागला आणि गिटार नुसती खदखदायला लागली. गणपत म्हणाला, "माकडं भांडत्यात जनू." सगळे हसले. आणि मला बोलायला चांगला फड मिळाला.

मी जे बोललो ते शब्द न् शब्द मला आठवतं आहे. मी म्हणालो की हे संगीत नव्हे, श्रीमंत घरच्या मुलांनी नशा करून घातलेला गोंधळ आहे, संगीताला हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात या तबकडीला शिंकेएवढीही जागा मिळणार नाही. मुख्याध्यापक चहा पीत बसले होते, त्यांनी मान हलवली. मला फार बरं वाटलं.

 चार दिवसांनी तू मला बोलावलंस. "बसा," म्हणालास. तबकडी लावलीस आणि फिरत्या थाळीच्या कडेला उजव्या हाताचा अंगठा टेकवलास. हलकेच. थाळी जरा मंदावली आणि तो किंचाळणारा माणूस हळूहळू माणसात आला. जाड, खरखरीत, दमलेला आवाज. तू डोळे मिटून बसला होतास, अंगठा जरासा कमी-जास्त करत त्याचा सूर शोधत होतास. सापडला तसा तू तिथेच थांबलास आणि ती सबंध बाजू संपेपर्यंत हललास नाहीस. वीस मिनिटं तरी असतील. संपल्यावर अंगठ्याचं कातडं लाल झालं होतं.

"कसं कळलं तुला, की एवढंच मंद करायचं?" मी विचारलं.

"मानसाचा गळा हाय, मास्तर. मानसाला येतो तेवडाच आवाज येनार की."

त्यानंतर किती संध्याकाळी आपण ती ऐकली. तू अंगठा धरून आणि मी स्टुलावर. मी तोंड वाकडं करूनच ऐकायचो, तो माझा रिवाज होता. आणि तू मला एकेक गोष्ट दाखवायचास, ज्या कोणत्याही पुस्तकात मी वाचल्या नव्हत्या. गाणाऱ्याचा आवाज मधेच लांब जाऊन परत यायचा, विहिरीत ओरडल्यासारखा. मी म्हणालो, नशेतले चाळे. तू म्हणालास, "न्हाई. दोन कर्नं लांब लांब बांधले, एक चिंचेवर आन् एक देवळावर, की असंच हुतं. एकाचा आवाज आदी येतो, दुसऱ्याचा मागनं. आमी ती चूक म्हनून सोडून देतो, ह्यांनी मुद्दाम केलंय." मग एका ठिकाणी गिटार वाजता वाजता एकदम 'कुईंऽऽ' करून ओरडायची, माझ्या नाट्यपदात ओरडली होती तशीच. पण इथे तो वाजवणारा ती थांबवत नव्हता. उलट तिला धरून ओढत न्यायचा, वाकवायचा, शेवटी रडायला लावायचा. ते आलं की तुझा चेहरा उजळायचा. "बगा मास्तर, ज्येच्यासाटी मी तुमच्या शिव्या खाल्ल्या, त्ये ह्यानं गान्यात घातलं. आता मागं फिरनं न्हाई. उद्या समदे असंच वाजीवनार."

"उद्या कुणी नावही घेणार नाही," मी म्हणायचो.

खरं सांगू? दुसऱ्या बाजूचं ते संथ गाणं लागलं की माझ्या अंगावर काटा यायचा. सदऱ्याच्या लांब बाह्या होत्या म्हणून बरं. तुला तेवढंही मी कधी सांगितलं नाही.

मग ती संध्याकाळ. गणपतचं हॉटेल भरलेलं, मुख्याध्यापक होते, भजनी मंडळातले दोघं होते. मी पुन्हा माझं शिंकेचं वाक्य टाकलं. आणि तू, जो कधी माणसांत माझ्या विरुद्ध बोलला नव्हतास, काउंटरपाशी उभा राहून म्हणालास, "मास्तर, ह्यो मानूस राबून आलाय."

"कोण?"

"गानारा. ह्यो नसंल, तर ह्येनं ज्येच्याकडनं घेतलं तो. एकच वळ दोनदा म्हनतोय बगा, आन् तिसऱ्या वळीत उत्तर देतोय. माजी आई तसंच म्हनायची, ऊसतोडीला. गाऱ्हानं दोनदा सांगावंच लागतं. पयल्यांदा कोन ऐकतंय?"

कुणी हसलं नाही. तुझी आई सखूबाई जामखेडकडून बैलगाडीने ऊसतोडीला यायची, तुझा जन्म उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत झालेला, हे सगळ्यांना माहीत होतं. डोक्यावर मोळी चढली की तिच्या गाण्याचे शब्द गळून जायचे, नुसता हेल उरायचा, असं तू मला एकदा सांगितलं होतंस. "त्यो ह्यात हाय," तू म्हणालास. "शेतातला हाय. कसलं शेत ते म्हाईत न्हाई."

मी चिडलो. साहेबाच्या देशात विजेच्या गिटारी घेऊन बसलेल्या पोरांचा आणि ऊसतोडीचा संबंध लावणं म्हणजे अडाणीपणाची कमाल आहे, असं म्हणालो. अडाणी हा शब्द वापरला, सोपान. तुझा चेहरा उतरला, पण तू मागे हटला नाहीस. आत जाऊन कव्हर घेऊन आलास आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलंस. "पाठीमागं बारीक लिवलंय. वाचून सांगा. तुमी सांगाल ते खरं."

मी कव्हर घरी नेलं. पाठीमागची अक्षरं सरळ होती, जिलेब्या नव्हत्या. डिक्शनरी घेऊन एकेक ओळ कागदावर मराठीत उतरवायला बसलो. आणि वाचत गेलो तसे माझे कान तापत गेले. सगळं तू म्हणालास तेच होतं. शेतही होतं. कापसाचं. समुद्रापलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या काळ्या माणसांची आणि त्यांच्या लेकरांची गाणी होती ती. कापूस वेचताना, दगड फोडताना एकाने एक ओळ दोनदा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर यायचं. पुढे ती माणसं पोटासाठी शहरात गेली आणि गाणी त्यांच्याबरोबर गेली. तिथे गिटारीला वीज जोडली गेली. आणि आता या चौघांनी ती उचलून ताणली, घुमवली, यंत्राच्या किंकाळीलाही सुरात बसवली. यापुढे गिटार पूर्वीसारखी वाजणार नाही, असंसुद्धा त्या लिहिणाऱ्याने शेवटी म्हटलं होतं. तुझंच वाक्य. तू कानाने जे ओळखलंस ते त्याने पुस्तकं वाचून लिहिलं असेल.

सकाळी मी हॉटेलात गेलो. माणसं तीच. मुख्याध्यापकांनी मान वर केली. तू दुकानातून पळत आलास, हाताला बॅटरीचं पाणी लागलेलं. आणि मी म्हणालो, "काही विशेष नाही रे. वाजवणाऱ्यांची नावं आहेत आणि कंपनीची जाहिरात."

"येवडंच?"

"एवढंच."

तू कव्हर घेतलंस, पाठीवरच्या त्या दाट ओळींकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालास, "जाहिरात लई मोटी हाय." एवढंच बोलून तू दुकानात गेलास.

मी असं का केलं? फार खोल काही शोधायची गरज नाही. मला हरायचं नव्हतं. अक्षरशत्रू माणसाने मला संगीतात हरवलं, आणि तेही छापील पुराव्यानिशी, हे त्या चहाच्या टेबलावर मला सोसवलं नसतं. वाटलं होतं, एकटा भेटेल तेव्हा सांगेन. तू रोज एकटाच भेटत होतास.

मग पाऊस गेला. लागोपाठ गेला. लग्नं पाच माणसांत उरकायला लागली, कर्णा कुणाला हवा? तू दुकानाला कुलूप लावून कौसल्यावहिनींना आणि सखूबाईला घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलास. मी एका रविवारी तिथे आलो. दुपारची सुट्टी झालेली, माणसं कामावर मिळणारी सुकडी खाऊन बाभळीच्या तुटपुंज्या सावलीला बसलेली. आणि तू सायकलवर बांधून फोनो आणि बॅटरी आणली होतीस. हातोडी बसून तुझा उजवा अंगठा फुटला होता, त्याला चिंधी बांधलेली. तेव्हा कौसल्यावहिनींनी थाळीला अंगठा लावला. तू शेजारी बसून सांगत होतास, "जरा सोड... आता दाब... बास, हितंच."

ते संथ गाणं लागलं. खडीच्या ढिगांवर बसलेली शंभर-दीडशे माणसं गप्प झाली. हॉटेलात जे हसले होते त्यांतलं इथे कुणी नव्हतं. थोड्या वेळाने सखूबाई, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, तोंड मिटलेलं ठेवूनच, त्या आवाजाखाली आपला हेल धरू लागली. शब्द नव्हते. दोन्ही एकमेकांत बसत होते. तबकडी संपल्यावर ती म्हणाली, "कोन हाय रं ह्यो? आमच्यातलाच दिसतो. कुटल्या फडावर हाय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत रागही नव्हता आणि टोमणाही नव्हता. तू नुसता वाट पाहत होतास. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं, "आजी, कापसाच्या फडावर." मुख्याध्यापक नव्हते, गणपत नव्हता.  तरी मी सुकडीची चव कशी असते असं काहीतरी विचारलं.

उन्हाळा सरताना तुला कावीळ झाली. विहिरींच्या तळाचं पाणी पीत होतो सगळेच. आधी गावठी औषध, मग नगरचा दवाखाना, तिथे काही दिवस, मग घरी. मी भेटायला आलो तेव्हा तू हळदीसारखा पिवळा, पोट फुगलेलं, हात मात्र काटक्या झालेले. तबकडी उशाशी होती. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या. तू म्हणालास, "मास्तर, त्या जिलेबीच्या पाठीमागं काय लिवलंय, येकदा नीट सांगा की."

सोपान, तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो.

मी म्हणालो, "आधी बरा हो. मग सावकाश सांगतो." तू थोडा वेळ माझा हात धरून ठेवलास. मग म्हणालास, "बरं. घाई न्हाई." तुझा अंगठा माझ्या मनगटावर होता, अगदी हलका. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

काल कावळा शिवल्यावर माणसं पांगली. मी तिथेच उभा राहिलो होतो. कौसल्यावहिनी ते कव्हर पदराखाली घेऊन आल्या होत्या, तुम्हीच ठेवा म्हणून. माझा बांध फुटला. मी खिशातला कागद काढला आणि म्हणालो, "वहिनी, याच्या पाठीवर काय आहे ते मी त्याला खोटं सांगितलं होतं."

त्या म्हणाल्या, "त्यास्नी म्हाईत हुतं."

नगरच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, इंग्रजी जाणणाऱ्या. तू कव्हर तिथे बरोबर नेलं होतंस, ते त्यांच्याकडून सगळं वाचून घेतलंस. दोनदा. कापसाचं शेत आलं तेव्हा खाटेवर उठून बसलास आणि वहिनींना म्हणालास, "बग, मी म्हनलं न्हवतं?" वहिनींना वाटलं, आता घरी गेला की हा आधी गणपतच्या हॉटेलात जाऊन मास्तरांची जिरवणार. तर तू त्यांना शपथ घातलीस. "कुनाला बोलायचं न्हाई. मास्तरांचा मान जाईल. त्ये सोताच सांगतील मला."

म्हणजे खाटेवर तू मला विचारलंस ते उत्तरासाठी नव्हतं. उत्तर तुझ्यापाशी होतं. मरता मरता तू मला एक संधी देत होतास, आणि मी ती 'बरा हो' म्हणून परत केली. कावळ्याला घिरट्या घालायचं कारणच नव्हतं. तुझं काही राहिलं नव्हतं, राहिलं होतं ते माझं. आणि माझ्यासाठी कावळा कशाला अडेल?

तुझे उपकार कसे फेडू असं लिहायला बसलो होतो, पण राग येतो आहे. तुझ्यावरसुद्धा. एकदा तरी माझी गचांडी धरायची होतीस. सगळ्यांसमोर खोटारडा म्हणायचं होतंस. मी तुला अडाणी म्हणालो होतो, तेवढी परतफेड तुझ्या हक्काची होती.

आज सकाळी मी हॉटेलात गेलो. कव्हर बरोबर नेलं. माणसं बहुतेक तीच होती, मुख्याध्यापकही होते. मी बसलो नाही. उभं राहून सांगितलं, की सोपानचं बरोबर होतं, ती कापूस वेचणाऱ्या माणसांचीच गाणी आहेत, या तबकडीला संगीताच्या इतिहासात जागा आहे, ती कुठली हे सोपानने न वाचता ओळखलं होतं, आणि मला माहीत असून मी तुमच्यासमोर खोटं बोललो. मग कागद काढून सगळा मजकूर वाचला. शेवटपर्यंत वाचला.

 गणपतने खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसलं. मुख्याध्यापकांनी बशी खाली ठेवली आणि चष्मा वर करत, अगदी मनापासून विचारलं, "कोणती तबकडी, मास्तर?"

मी गणपतकडे बघितलं. तो म्हणाला, "सोपान लई चांगला मानूस हुता. पर ह्ये रेकाडाचं काय ध्येनात येत न्हाई बा." भजनी मंडळातल्या एकाला माकडं एवढीच आठवली.

ज्यांच्यापुढे मान जाईल म्हणून मी दोन वर्षं गप्प बसलो आणि तू मरेपर्यंत गप्प राहिलास, त्यांच्यातल्या एकालाही तो वाद आठवत नाही. त्या हॉटेलातली तो लक्षात ठेवणारी माणसं दोनच होती, सोपान. आता मी एकटाच आहे.